पंप आणि बॉक्स बदलल्यावर पॉवर स्टेअरिंगची एअर निघत नाही

डंपर_सातारा

सहाचाकी टिपर, १६ टनी. इंजिन जुनं, इनलाइन फ्युएल पंपाचं. स्टेअरिंगचा पंप गिअरवर चालतो, पट्टा नाही.

बदललेलं सामान: व्हेन पंप (फिरत्या पात्यांचा) नवा, प्रेशर पाइप (पंप ते बॉक्स) नवा, ऑइलच्या डब्यातला फिल्टर नवा, स्टेअरिंग बॉक्स उघडून पूर्ण सील किट. सक्शन (डबा ते पंप) आणि रिटर्न (बॉक्स ते डबा) पाइप जुनेच. ऑइल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल ऑइल), आतापर्यंत पावणेतीन लिटर गेलं.

आता आयडलिंगलाच घूंऽऽ असा आवाज येतो, रेस दिली की चढतो. डब्यातलं लाल ऑइल गुलाबी मस्तानीसारखं दिसतं. गाडी बंद केली की लेव्हल चार बोटं वर येते आणि झाकणातून ओघळते. जागेवर वळवताना स्टेअरिंग मध्येच जड, मध्येच हलकं, झटके देत फिरतं. मिस्त्री म्हणतो दोन दिवस चालवा, एअर आपोआप निघेल. चालवू का?

हायड्रॉलिक_अण्णा

नका चालवू. मिस्त्रींचं अर्धं बरोबर आहे. बॉक्सच्या किंवा पाइपच्या उंचवट्यात राहून गेलेली हवा ऑइलबरोबर फिरत डब्यात येते आणि तिथून सुटते, ती खरंच आपोआप निघते. पण कुठून तरी नवी हवा ओढली जात असेल तर दोन दिवस काय, दोन महिने चालवलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. वर फेसाळ ऑइलवर व्हेन पंप कोरडाच घासतो, म्हणजे नव्या पंपाचं आयुष्य तिथेच गेलं. तेव्हा पहिला प्रश्न असा: हवा आत *राहिलीय* की आत *येतेय*?

चार बोटांचा अर्थ आधी सांगतो. इंजिन चालू असताना आतली हवा दाबाखाली चेपलेली असते. बंद केलं की ती फुगते आणि आपल्या जागेचं ऑइल डब्यात ढकलते. चालू आणि बंद लेव्हलमध्ये एक-दोन सेंटिमीटरचा फरक चालतो. तुमचा सहा-सात सेंटिमीटर आहे, म्हणजे हवा भरपूर आहे. हा फरक दर वेळी पट्टीने मोजून लिहून ठेवा. आवाजावरून अंदाज फसतो, पट्टीवरून फसत नाही.

आता एकदा पहिल्यापासून नीट भरून घ्या. दोन माणसं लागतील, एक स्टेअरिंगवर आणि एक डब्याशी. डब्याशी असलेल्याने दुसरं काहीही करायचं नाही.

गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे. पुढचा एक्सल उचलून घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), नुसत्या जॅकवर नाही. चाकं अधांतरी असली की स्टेअरिंगवर लोड येत नाही, दाब कमी राहतो आणि हवेचा चुरा होत नाही. आधीचं फेसाळ ऑइल काढून टाका, ते पुन्हा वापरू नका.

इंजिन बंद ठेवून डबा काठोकाठ भरा. स्टेअरिंग हाताने सावकाश एका लॉकपासून (वळायच्या टोकापासून) दुसऱ्या लॉकपर्यंत, १५ ते २० वेळा. बॉक्समधला पिस्टन स्वतःच पंपासारखं काम करतो, एका बाजूची हवा ढकलतो आणि दुसरीकडे ऑइल घेतो. डब्यात बुडबुडे येताना दिसतील, लेव्हल खाली जाईल, ओतत राहा. बुडबुडे थांबले की हा टप्पा संपला. बहुतेक ठिकाणी हाच टप्पा गाळला जातो, आणि मग चार तास जातात.

मग स्टॉप केबल (इंजिनाचं डिझेल तोडणारी) ओढून धरा आणि सेल्फ मारा, एका वेळी १० सेकंद. मध्ये एक मिनिट थांबा, सेल्फ मोटर तापवू नका. असं तीन-चार वेळा. लेव्हल सक्शनच्या तोंडाखाली गेली तर केलेलं सगळं वाया, तिथून पुन्हा सुरुवात.

आता चालू करा, आयडलिंगला १० सेकंद, बंद, लेव्हल भरा. तीनदा. नंतर दोन मिनिटं नुसतं आयडलिंग, स्टेअरिंगला हात नाही. बंद करून पुन्हा लेव्हल. त्यानंतर आयडलिंगवरच सावकाश लॉक टू लॉक आठ-दहा वेळा, टोकाला टेकवायचं आणि परत फिरायचं. शेवटी बंद करून अर्धा तास गाडीला हात लावू नका. मग पट्टी.

पाना_बत्तीस

अण्णांच्या सांगण्यात एक भर. नवा पंप बसवण्याआधी सक्शनच्या तोंडातून ऑइल ओतून शाफ्ट हाताने काही फेरे फिरवायचा असतो. कोरडा पंप पहिल्या सेल्फला ऑइल ओढत नाही, व्हेन खाचेतून बाहेरच येत नाहीत. पंप बसवून झाला असेल तर सक्शन पाइप डब्याकडून पंपापर्यंत ऑइलने भरलाय का एवढं तरी बघा.

आणि आतापर्यंत गेलेलं पावणेतीन लिटर ठीक वाटतं. या वर्गाच्या गाडीत सगळं कोरडं असेल तर तीनच्या आसपास लागतं, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. म्हणजे आत मोठी पोकळी राहिलेली नाही. माझा संशय येणाऱ्या हवेवर.

रेस_दे_भाऊ

एवढी पूजा कशाला? फुल रेस द्या, दोन्हीकडे लॉकला नेऊन अर्धा-अर्धा मिनिट धरा. प्रेशरने एअर बाहेर. पाच मिनिटांचं काम आहे.

पाना_बत्तीस

भाऊ, प्रेशरने हवा बाहेर जात नाही, ती ऑइलमध्ये आणखी बारीक होऊन मिसळते. हवेला बाहेर पडायची एकच जागा आहे, डबा, आणि तिथे ती तरंगूनच वर येते. बुडबुडा निम्म्या व्यासाचा झाला की वर यायचा वेग चौथाईवर येतो. रेस देऊन मोठ्या बुडबुड्यांचा फेस केला की मिनिटात सुटणारी हवा तासभर सुटत नाही, तेच ऑइल पुन्हा पंपात जातं. म्हणून आयडलिंग, आणि म्हणून शेवटचा अर्धा तास.

लॉकला धरण्याचा हिशेब करा. लॉकला ऑइलला जायला जागा नसते, जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो. पंप मिनिटाला १२ लिटर देतोय आणि रिलीफ १२० बारला आहे असं धरलं तर २.४ किलोवॉट होतात. घरातल्या गिझरपेक्षा जास्त उष्णता तीनेक लिटर ऑइलमध्ये. सेकंदाला जवळपास अर्धा अंश. अर्धा मिनिट धरलं की १५ अंश वर, दोन-चार वेळा केलं की नवे सील कडक व्हायला सुरुवात. लॉकला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरायचं नाही, एअर काढताना नाही आणि एरवीही नाही.

नवशिक्या_मेकॅनिक

बॉक्सला ब्लीड स्क्रू (हवा काढायचा) असतो ना? तो उघडून काढली तर?

हायड्रॉलिक_अण्णा

सगळ्या बॉक्सना नसतो. बऱ्याच बॉक्समध्ये हवा स्वतःच रिटर्नला जाईल अशी वाट आत दिलेली असते, तिथे स्क्रू शोधत बसू नका. असलाच तर बॉक्सच्या सर्वांत उंच भागावर असतो. पद्धत: चाकं सरळ, इंजिन आयडलिंगला, स्क्रू साधारण एक फेरा ढिला. आधी फेस येतो, मग थुंकल्यासारखं ऑइल, मग सलग स्वच्छ धार. धार आली की बंद, लेव्हल भरा, दोन-तीनदा लॉक टू लॉक, पुन्हा तेच. तीन-चार वेळा. स्क्रू उघडा असताना स्टेअरिंग फिरवायचं नाही, फिरवलं की ऑइलची पिचकारी उडते, आणि एखाद्या बाजूला दाब पडला की तिथून हवा आत ओढलीही जाते. घट्ट करताना लहान पाना आणि मनगटाचा जोर, पाच न्यूटन-मीटर म्हणजे काहीच नाही. स्क्रू बारीक असतो, आटे गेले की बॉक्स उतरवावा लागतो.

मोठी चूक वेगळीच होते. बॉक्सवर लॉकनट असलेला जो स्क्रू दिसतो तो सेक्टर शाफ्टच्या (बॉक्समधून बाहेर येऊन चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या) प्लेचा, म्हणजे ढिलेपणाचा. काही बॉक्सना टोकाला आणखी एक असतो, तो लिमिट व्हॉल्व्हचा (लॉकजवळ दाब कमी करणाऱ्या). हे दोन्ही ब्लीड स्क्रू समजून फिरवले जातात, आणि मग स्टेअरिंग मधोमध घट्ट धरतं किंवा लॉकच्या आधीच जड होतं. लॉकनट दिसला की हात मागे.

टायमिंग_गिअर

सक्शनबद्दल बोलू, कारण सगळं पाणी तिथेच मुरतंय. डबा ते पंप हा एकच भाग असा आहे जिथे दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे इथली गळती ओली दिसत नाही. इंजिन चालू असताना ऑइल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाकी ठिकाणी उलट, प्रेशर पाइपला ढिला बेंजो बोल्ट (ऑइल जायला आतून पोकळ) असेल तर ऑइल टपकेल पण हवा शिरणार नाही. म्हणून "कुठेच लीक नाही" हे वाक्य एअरच्या तक्रारीत कामाचं नाही.

संशयाच्या जागा, माझ्या क्रमाने:

जुना सक्शन पाइप. बाहेरून छान, पण टोकाचं रबर कडक. नव्या पंपाचा नळा जुन्यापेक्षा किंचित बारीक असला तर कडक रबर त्यावर बसत नाही, क्लिप कितीही आवळली तरी. पाइपचा आतला थर सुटून सक्शनला आत ओढला जातो, हेही होतं. तेव्हा आयडलिंगला ठीक आणि रेसला घूंऽऽ.

पंपाच्या सक्शन अ‍ॅडॉप्टरखालची (पाइप ज्यावर चढतो त्या तुकड्याखालची) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी. जुन्या पंपाचा अ‍ॅडॉप्टर नव्यावर लावतात आणि जुनी चपटी झालेली रिंग तशीच जाते. कधी रिंग जुन्या पंपाच्या खाचेतच राहते.

डब्यातला फिल्टर. स्प्रिंग किंवा वॉशर उलटा बसला की फिल्टर जागेवर दबत नाही, रिटर्नचं ऑइल लेव्हलच्या वरून धबधब्यासारखं पडतं आणि तिथेच फेस होतो. झाकण काढून आयडलिंगला बघा: रिटर्न ऑइलखालून शांत यायला हवं. झाकणाचं श्वास घ्यायचं भोकही बघा, टिपरला ते धुळीने हमखास बुजतं.

पंपाचा शाफ्ट सील. पंप गिअरवर आहे म्हणून विचार करायचा. हा सील गेला की टायमिंग केसमधली (इंजिनाच्या गिअरच्या कव्हरमधली) हवा आणि इंजिन ऑइलचे शिंतोडे आत येतात, एटीएफ काळपट पडतं. इंजिन बंद असताना उलटं, स्टेअरिंगचं ऑइल इंजिनात. डब्याची लेव्हल उतरतेय, खाली थेंब नाही आणि इंजिनाची डिपस्टिक वर चढतेय, तर दुसरं काही नाही.

टायमिंग_गिअर

चाचणी राहिली. आयडलिंगला घूंऽऽ चालू असताना सक्शनच्या एकेका जोडावर ग्रीसचा जाड गोळा चारही बाजूंनी थापा. एका जोडावर मिनिटभर थांबून मगच पुढचा. ज्या जोडावर ग्रीस थापल्यावर आवाज पडतो तोच चोर. ग्रीस नीट बघा: हवा ओढणाऱ्या फटीवर त्याला बारीक खळगा पडतो. पट्टा आणि पंख्यापासून हात लांब, बाही वर.

दुसरी: रिटर्न पाइपमध्ये वीतभर पारदर्शक ऑइल-पाइप तात्पुरता घाला. रिटर्नला दाब कमी असतो म्हणून चालतं. प्रेशर बाजूला हा प्रयोग कधीही नाही. दहा मिनिटांनंतरही दुधी दिसत असेल तर हवा येतेय. चाचणी झाली की पाइप काढा, तसाच रस्त्यावर नेऊ नका.

गॅरेज_काका

ऑइलचं कुणी बोललं नाही. टिपर आहे म्हणून विचारतो, हौद्याच्या हायड्रॉलिकचं ६८ नंबर तर कुणी घातलं नाही ना? हाताशी तेच असतं म्हणून घालतात. ते एटीएफपेक्षा जाड, पहाटेच्या गारठ्यात सक्शनला पंप ते ओढूच शकत नाही आणि एअरसारखाच आवाज येतो. झाकणावर किंवा पुस्तकात जे लिहिलंय तेच, आणि दोन जातींची मिसळ नाही. ब्रेक ऑइल तर चुकूनही नको. एक कप जरी गेलं तरी रबरी सील फुगून मऊ होतात, मग धुऊन भागत नाही, सगळं किट पुन्हा.

जुना पंप का बदलला तेही सांगा. घासून गेला असेल तर त्याची चमकी पाइपांत आहे. रिटर्न पाइप डब्याकडून सोडून बादलीत, डब्याचं तोंड बंद, सेल्फवर एक-दीड लिटर नवं ऑइल वाहू द्या, दोन्हीकडे एकेकदा वळवा. ते ऑइल गेलं. फिल्टर हजार किलोमीटरला पुन्हा. वापरलेलं ऑइल गटारात ओतू नका, भंगारवाला घेतो.

बेंजो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवे नाही मिळाले तर जुने लालबुंद तापवून पाण्यात टाका, मऊ होतात आणि पुन्हा बसतात. लोखंडाचं उलट होतं म्हणून लोकांना पटत नाही.

ट्विन_एक्सल

इथे जरा बाजूचं, पण कुणीतरी शोधत येईल. पुढे दोन स्टेअरिंग एक्सल असलेल्या गाड्यांत दुसऱ्या एक्सलला वेगळा मदतनीस सिलिंडर असेल तर हवा त्यात अडकते. सिलिंडर आडवा आणि पाइपची तोंडं खाली असली की वरच्या बाजूची हवा निघतच नाही. दोन्ही एक्सल घोड्यांवर घेऊन पूर्ण लॉक टू लॉक करा. तरी नाही जमलं तर सिलिंडरचा एक बॉल जॉइंट सोडून, तोंडं वर येतील असा फिरवून, इंजिन बंद ठेवून रॉड हाताने आत-बाहेर करा. इंजिन चालू ठेवून हात घालू नका, तो रॉड बोटं तोडतो.

नवशिक्या_मेकॅनिक

नवीन गाड्यांना स्टॉप केबल नाही. तिथे नुसता सेल्फ कसा मारायचा?

पाना_बत्तीस

कनेक्टर उपटत बसू नका, चेक लाइट पेटेल. हाताने १५-२० वेळा फिरवायचा टप्पा नीट करा आणि थेट दहा-दहा सेकंद चालू-बंद करा. एवढ्याने भागतं. हाताने ओढायचा व्हॅक्यूम पंप असेल तर आणखी सोपं: डब्याच्या तोंडाला रबरी बूच, त्यातून नळी, २० इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम पाच मिनिटं धरा. ऑइलमधले बारीक बुडबुडे फुगतात आणि भराभर वर येतात. प्लॅस्टिकचा डबा जुना असेल तर जपून.

डंपर_सातारा

अण्णांच्या पद्धतीने पहिल्यापासून भरलं. हाताने फिरवतानाच पाऊण लिटर आणखी गेलं, बुडबुडे भरपूर. अर्ध्या तासाने फरक मोजला: दोन सेंटिमीटर, आवाज नाही. वीस मिनिटं आयडलिंग केल्यावर घूंऽऽ परत, फरक पाच सेंटिमीटर. रात्रभर उभी ठेवून सकाळी पुन्हा शांत, पुन्हा वीस मिनिटांत तेच.

ग्रीस लावलं. डब्याकडच्या जोडाला फरक नाही. अ‍ॅडॉप्टरला फरक नाही. पंपाकडच्या पाइपच्या टोकाला लावल्यावर पाऊण मिनिटात आवाज पडला. ग्रीसवर क्लिपच्या स्क्रूच्या बाजूला वाटाण्याएवढा खळगा.

आता टोक दोन इंच कापून तोच पाइप लावू का?

टायमिंग_गिअर

शांत सुरू होऊन वीस मिनिटांत परत, म्हणजे येणारीच हवा. राहिलेली असती तर वेळेबरोबर कमी झाली असती.

कापू नका, नवा घ्या. एक टोक कडक झालं म्हणजे दुसरंही झालंय, आणि दोन इंचांनी आखूड पाइप इंजिन हलताना ताणून पुन्हा सुटेल. ऑइल आणि सक्शन दोन्हीसाठी असलेलाच मागा, आत तार किंवा जाड विणलेलं आवरण हवं. पाण्याचा रेडिएटर पाइप दिसायला सारखा, पण त्याचं रबर एटीएफमध्ये फुगतं आणि सक्शनला चपटा होतो. न्यायला जाताना पंपाच्या नळ्याचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजून न्या, जुन्या पाइपवरून नाही. नळ्याच्या कडेच्या उंच कण्याच्या मागे क्लिप बसायला हवी, कण्यावर नाही. खळगा स्क्रूच्या बाजूला आहे, म्हणजे क्लिप तिथे गोल आवळत नव्हती. चांगल्या दर्जाची रुंद क्लिप घ्या.

हायड्रॉलिक_अण्णा

आणि पाइप बदलल्यावर घोड्यांवरून उतरवण्याआधी एक बघा, बॉक्स उघडला होता म्हणून. चाकं सरळ असताना ड्रॉप आर्म (सेक्टर शाफ्टवर बसणारा हात) आणि शाफ्टच्या खुणा जुळतात का, आणि मधोमधपासून दोन्हीकडे फेरे सारखे मोजले जातात का. काही बॉक्समध्ये लिमिट व्हॉल्व्ह पहिल्या पूर्ण वळणाला स्वतःच सेट होतात. आर्म एक खाच इकडेतिकडे बसला असेल तर ते चुकीचे सेट होतात, आणि एका बाजूला वळवताना जड अशी तक्रार येते. ती पुन्हा एअरच्या नावावर खपते. हवा दोन्हीकडे सारखा त्रास देते, एकाच बाजूला जड असेल तर एअर काढत बसू नका.

रिकामी गाडी आधी, आवारातच. लोड घालून खंबाटकी चढायच्या आधी डब्याची लेव्हल आणि इंजिनाची डिपस्टिक तीन दिवस रोज सकाळी बघा.

डंपर_सातारा

नळा २० मिलिमीटरचा निघाला, जुना पाइप आतून २२ चा. नवा पाइप, रुंद क्लिपा, अ‍ॅडॉप्टरची ओ-रिंगही नवी. एकूण ऑइल सव्वातीन लिटर राहिलं. तासभर आयडलिंग आणि वळवून झाल्यावर फरक दीड सेंटिमीटर, ऑइल लाल. फेरे डावीकडे अडीच, उजवीकडे अडीच. उद्या रिकामी.